पहिले पात्र, चाकोरीबाहेरचे : प्रस्तावना

टेबलाभोवती बसून खेळायच्या फँटसी भूमिकाखेळात खेळाडूच्या हाती सोंगटी नसते, पात्र असते. पात्र म्हणजे प्रत्यक्षात एक कागद. वर नाव, खाली सहा आकडे, बाजूला शस्त्रे आणि सामानाची यादी, आणि उरलेल्या जागेत हा माणूस (किंवा जो कोणी असेल तो) कुठून आला, त्याला काय हवे आहे, याच्या दोन-चार ओळी. नवा खेळाडू हा कागद भरायला बसला की जुने खेळाडू त्याला बहुधा एकच सल्ला देतात : पहिल्यांदा माणूस घे, योद्धा घे, हातात तलवार दे, बाकीचे नखरे पुढच्या वेळी. सल्ला आपुलकीचा असतो आणि अर्धा खराही असतो. पण नव्या माणसाच्या डोक्यात तोवर साठी उलटलेली एखादी नावाडीण, श्रद्धा उडालेला पुजारी किंवा हिशेब लिहिणारा गॉब्लिन येऊन बसलेला असतो. त्याला हुसकावून तिथे तलवारवाला उभा केला, तर नियम लवकर कळतात, खेळ मात्र परक्याच्या घरी गेल्यासारखा वाटतो.

चाकोरीबाहेरचे पात्र पहिल्याच खेळात करावे की नाही, आणि करायचे तर कसे, हा या पुस्तकाचा विषय आहे. प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. भूमिकाखेळांचे काही नियम कोणीतरी असेच विचित्र पात्र मागितले म्हणून जन्माला आले आहेत.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात अशी. चार-पाच जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार असतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या सर्वांत प्रसिद्ध खेळात त्याला डन्जन मास्टर, आणि बोलताना नुसते डीएम म्हणतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासा टाकतात. हा फासा बहुधा वीस बाजूंचा असतो. कोकणातल्या दशावतारी नाटकात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. इथेही जवळपास तसेच चालते, फक्त समोर प्रेक्षक नसतात आणि शेवट कोणालाच, सूत्रधारालाही, पक्का ठाऊक नसतो. एका बैठकीला सेशन म्हणतात, अशा अनेक बैठकांच्या मालिकेला कॅम्पेन. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. पात्र मात्र मरू शकते.

या खेळाचे मूळ युद्धखेळांत आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावावर लढाईचा खेळ रचला. गावाचे नाव ब्राउनस्टाइन. नेहमीच्या खेळात दोन सेनापती असत. वेस्लीने बाकीच्या मित्रांनाही कामाला लावले आणि कोणाला नगराध्यक्ष, कोणाला विद्यापीठाचा प्रमुख, कोणाला बंडखोर विद्यार्थी केले. खेळाडू लढाई सोडून आपसांत कारस्थाने करत बसले. वेस्लीला वाटले प्रयोग फसला. मित्रांनी मात्र पुन्हा खेळू या म्हणून तगादा लावला. भूमिकाखेळातली पहिली पात्रे अशी होती : नगराध्यक्ष, प्राध्यापक, विद्यार्थी. तलवारवाला वीर त्या टेबलावर नंतर आला, ही गोष्ट जुने खेळाडू सहसा सांगत नाहीत.

त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसन याने पुढे ब्लॅकमूर नावाची एक काल्पनिक जहागीर उभी केली आणि खेळ भुयारांत, राक्षसांच्या वस्तीत नेला. तिथे एक प्रसंग घडला. एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू व्हॅम्पायर झाले. सर फँग हे त्याचे नाव. ते दिवसेंदिवस इतके बलवान होत गेले की इतरांना जगणे कठीण झाले. त्याला आवर घालण्यासाठी आर्नेसनने एक नवीच जात घडवली : देवाच्या नावाने मृतात्म्यांना पळवून लावणारा, थोडे लढू शकणारा, थोड्या जखमा बऱ्या करणारा धर्मगुरू. हाच आजचा क्लेरिक. जखमा बांधणारा क्लेरिक सोबत नसेल तर मोहिमेवर जाऊ नये, असे पन्नास वर्षे नवख्यांना सांगितले जाते. त्या क्लेरिकचा जन्म एका खेळाडूच्या अतरंगी हौसेतून झाला आहे.

१९७४ साली आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी हा सगळा प्रकार छापला. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहान गावातल्या टीएसआर नावाच्या नवख्या कंपनीने डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १००० पेट्या काढल्या. प्रत्येक पेटीत तीन पातळ पुस्तिका. पहिल्या पुस्तिकेत पात्रांचे तीनच क्लास होते : लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. वंश चार : मानव, ड्वार्फ, एल्फ आणि हॉबिट. कादंबरीकार टॉल्किनच्या हक्कदारांनी हरकत घेतल्यावर हॉबिटचा पुढे हाफलिंग झाला. पण त्याच पुस्तिकेत एक छोटी परवानगीही आहे. खेळाडूला जवळजवळ काहीही होता येईल, अट एवढीच की त्याने दुबळ्यापासून सुरुवात करावी. ड्रॅगन व्हायचे असेल तर पिल्लापासून. म्हणजे चाकोरी आणि तिच्यातून बाहेर पडायची वाट, दोन्ही एकाच पुस्तिकेत छापल्या गेल्या.

गायगॅक्सचे मत नंतर बदलले. १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये त्याने राक्षस-पात्रांवर स्वतंत्र मजकूर लिहून सूत्रधारांना सावध केले. त्याचा मुद्दा दोन पदरी होता. एक, असे पात्र मागणारा बहुतेकदा वेगळेपणासाठी नव्हे, तर आयत्या ताकदीसाठी मागतो. दोन, या खेळाचे जग माणसाच्या भोवती रचलेले आहे, कारण सूत्रधारही माणूसच आहे आणि त्याला माणसाचाच अनुभव आहे. पहिला मुद्दा आजही बिनतोड आहे. दुसरा तेवढा टिकत नाही : ज्याला ड्रॅगनचे मन कळत नाही त्याला अकराव्या शतकातल्या सरदाराचे तरी कुठे कळते?

इथे चाकोरी म्हणजे नेमके काय ते पाहायला हवे. कुऱ्हाडवाला दाढीधारी ड्वार्फ, धनुष्यवाला एल्फ, टोपीवाला म्हातारा जादूगार ही चित्रे कुठल्या एका पुराणातून सरळ आलेली नाहीत. १९७९ च्याच त्या पुस्तकाच्या शेवटी गायगॅक्सने आपल्या प्रेरणांची यादी दिली आहे. तीत रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हॅन्स, पोल अँडरसन, मायकेल मूरकॉक, टॉल्किन अशी विसाव्या शतकातल्या लेखकांची नावे आहेत. जादूगार मंत्र म्हटल्यावर तो विसरतो, ही कल्पना व्हॅन्सची. जखमा आपोआप भरून येणारा ट्रोल अँडरसनचा. आणि गंमत अशी की या लेखकांचे नायक आपापल्या काळात चाकोरीबाहेरचेच होते. मूरकॉकचा एल्रिक हा औषधांच्या आणि एका शापित तलवारीच्या आधारावर जगणारा आजारी राजा. टॉल्किनचा बिल्बो पन्नाशीतला, न्याहरीची वेळ चुकली तर बेचैन होणारा घरकोंबडा. त्याला चोर म्हणून मोहिमेवर नेले जाते आणि चोरी त्याने जन्मात केलेली नसते. नवख्या खेळाडूने असे पहिले पात्र मांडले, तर आज अनेक टेबलांवर त्याला तलवारवाला घ्यायला सांगतील.

मराठी वाचकासाठी या चाकोरीला आणखी एक बाजू आहे. त्याच्या कानावर लहानपणी एल्फ-ड्वार्फ पडलेले नसतात, घटोत्कच पडलेला असतो. माणूस बाप आणि राक्षसीण आई असलेला वीर ही त्याला नवलाई नाही; डन्जन्स अँड ड्रॅगन्सने अर्धा-ऑर्क हा वंश मूळ नियमांत आणला तो १९७८ साली. उलट १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला राक्षस पाहून मराठी वाचक चक्रावतो : वाघाचे डोके, तोंडात पाइप, आणि तळवे उलटे. तेव्हा कुठल्याही टेबलावर वेगळे पात्र करण्यापूर्वी त्या टेबलावर सरळ काय समजले जाते, हे आधी समजून घ्यावे लागते. चाकोरी माहीत नसली की माणूस तिच्या बाहेर जात नाही, नुसता चुकतो.

पात्र कसे घडवावे याबद्दल गेल्या पन्नास वर्षांत जी घराणी झाली, त्यांत सर्वांत जुने फाशांचे. सहा बाजूंचे तीन फासे सहा वेळा टाकायचे आणि पडतील ते आकडे पडतील त्या क्रमाने ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळता आणि छाप या सहा क्षमतांपुढे लिहायचे. सरासरी १०.५ येते, १८ हा आकडा २१६ वेळांत एकदा. १९७५ च्या ग्रेहॉक या पुरवणीत पॅलाडिन हा व्रतस्थ योद्धा आला, त्याला छाप किमान १७ हवी होती, म्हणजे ५४ पात्रांत सरासरी एक. या घराण्यात पात्र निवडायचे नसते, ते पदरात पडते. ताकद सहा आणि शहाणपण सोळा असा लढवय्या पदरात पडला तर त्याचे काय करायचे, तिथेच कल्पकतेची कसोटी. चाकोरीबाहेरचे पात्र हवे असणाऱ्याला हे घराणे कालबाह्य वाटते. खरे तर सर्वांत अनपेक्षित पात्रे त्याच्यातूनच निघाली.

फाशांचा हाच धागा पुढे वेगळ्या अंगाने फुलला. ब्रिटनमध्ये १९८६ साली आलेल्या वॉरहॅमर फँटसी रोलप्लेने क्लास काढून टाकले आणि त्या जागी पोटापाण्याचे धंदे ठेवले, तेही फाशाने ठरणारे. त्यातला उंदीर पकडणारा आणि त्याचा छोटा पण खुनशी कुत्रा ही जोडी अजरामर झाली आहे. २०१२ च्या डन्जन क्रॉल क्लासिक्समध्ये तर प्रत्येक खेळाडूला तीन-चार गावकरी मिळतात (थडगी खोदणारा, चीज करणारा, संडास उपसणारा) आणि पहिल्या भुयारातून जो जिवंत बाहेर येईल तो आपले पात्र. या पद्धतीचा नवख्याला मोठा फायदा आहे : त्याला वेगळेपणा शोधत बसावे लागत नाही आणि पात्र मेले तरी फार वाईट वाटत नाही. ट्रॉइका या ब्रिटिश खेळात दोन फाशांवर छत्तीस पार्श्वभूमी आहेत आणि त्यांतली एकही सरळ नाही. तिथे सगळेच विचित्र असल्याने विचित्रपणाची किंमत शून्य होते, हा त्या खेळाचा गुण की दोष, यावर दुमत आहे.

दुसरे घराणे गुणांच्या बाजाराचे. १९८१ चा चॅम्पियन्स आणि १९८६ चा गर्प्स या खेळांनी खेळाडूला ठरावीक गुण दिले. त्यांतून ताकद विकत घ्यायची, आणि आंधळेपणा, कर्ज, शत्रू, शपथ असे वैगुण्य पत्करले तर जास्तीचे गुण मिळवायचे. कागदावर ही पद्धत सर्वांत मोकळी. पण नवख्याला ती जड जाते, आणि तिच्यामुळे एक खोड लागली : वैगुण्य पात्राला शोभते म्हणून घेतले जात नाही, गुण मिळतात म्हणून घेतले जाते.

तिसरे आयुष्यक्रमाचे. १९७७ चा ट्रॅव्हलर हा विज्ञानकथेचा खेळ, पण त्याने दाखवलेली वाट फँटसीनेही घेतली. खेळ सुरू होण्याआधी पात्राची नोकरीतली वर्षे चार-चारच्या टप्प्यांनी फाशांवर उलगडायची. त्या भरात पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच मरूही शकत असे. २००२ चा बर्निंग व्हील याच वाटेने गेला. इथून चाळिशी-पन्नाशीतली, संसार करून थकलेली पात्रे आली. वीस वर्षांचा अनाथ तरुण ही फँटसीतली सर्वांत झिजलेली आकृती मोडून काढायला याहून चांगले हत्यार नाही.

रनक्वेस्ट (१९७८) हे कुठल्याच घराण्यात नीट बसत नाही. त्याने क्लास रद्द केले. जो जे करील ते त्याला येईल, असा नियम ठेवला. त्याच्या ग्लोरँथा या जगात बदके आहेत, बोलणारी, तलवार बाळगणारी आणि आपल्या देवावर मनापासून श्रद्धा असणारी. लोक आधी हसतात. चार सेशन झाले की हसत नाहीत, कारण त्या जगात बदकांना इतिहास आहे, शत्रू आहेत, धर्म आहे. विचित्र पात्र आणि विनोदी पात्र यांतला फरक इतका चांगला दुसरीकडे क्वचितच दिसतो. केन सेंट आंद्रे याचा १९७६ चा मॉन्स्टर्स! मॉन्स्टर्स! उलट हेतूने लिहिलेला : त्यात खेळाडूंनी राक्षस व्हायचे आणि वीरांना लुटायचे. मजा येते, पण ती एका संध्याकाळची मजा आहे.

नवख्यांच्या दृष्टीने एक युक्ती मात्र सगळ्या घराण्यांच्या पलीकडची आहे. १९७५ च्या एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन या खेळात नवी पात्रे परदेशातून नावेने येऊन एका बंदरात उतरतात. तिथली भाषा, रीतिरिवाज, देव काहीच त्यांना ठाऊक नसते. खेळाडूलाही नसते. खेळाडूचे अज्ञान हेच पात्राचे अज्ञान झाले की नवख्याला काही लपवावे लागत नाही. पहिल्या पात्राचे परकेपण कसे वापरावे याचा हा धडा अजून जुना झालेला नाही.

वंशाच्या प्रश्नाने गेल्या काही दशकांत सर्वांत जास्त शाई खाल्ली. १९८५ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या अनअर्थ्ड आर्काना या पुस्तकाने काळ्या कातडीचे, भूमिगत, दुष्ट मानले गेलेले ड्राव एल्फ खेळाडूंना खुले केले. १९८८ साली आर. ए. साल्वातोरे याच्या क्रिस्टल शार्ड या कादंबरीत ड्रिझ्ट आला : आपल्या क्रूर कुळाला सोडून निघालेला, दोन वाकड्या तलवारी चालवणारा सज्जन ड्राव. कादंबरीचा नायक वास्तविक दुसराच होता. वाचकांनी ड्रिझ्टला उचलून धरले. त्यानंतर टेबलाटेबलांवर दुष्ट कुळातून पळालेले सज्जन एकाकी वीर इतके झाले की सूत्रधार त्यांच्या नावाने कपाळाला हात लावू लागले. चाकोरी मोडणारे पात्र दहा वर्षांत चाकोरी कशी होते, याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण नाही.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ड्रॅगनच्या वंशाचे ड्रॅगनबॉर्न आणि सैतानी रक्ताचे टीफलिंग मुख्य पुस्तकातच घातले, आणि बिचाऱ्या नोम या बुटक्या वंशाला पुढच्या वर्षीच्या पुस्तकापर्यंत ताटकळत ठेवले. पाथफाइंडर या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गॉब्लिन मूळ पुस्तकात आला. २०२४ च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये रेस हा शब्दच गेला, त्या जागी स्पीशीज आला, आणि क्षमतांची वाढ वंशाऐवजी पार्श्वभूमीशी जोडली गेली. शिंगे, शेपटी, खवले हे आज पहिल्याच पानावर मिळते. त्यामुळे नुसत्या शिंगांनी कोणी वेगळे ठरत नाही.

आता किमतीचा विचार. वेगळे पात्र म्हणजे दुबळे पात्र अशी एक भीती नवख्याला घातली जाते. तिचे गणित मांडून पाहिलेले बरे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सहा क्षमतांसाठी १५, १४, १३, १२, १०, ८ असे तयार आकडे मिळतात. नोम जादूगाराची बुद्धी वंशाच्या बळावर १५ ची १७ होते. अर्ध्या-ऑर्कला तशी वाढ नाही, त्याची १५ च राहते. १७ ला फाशात अधिक ३ मिळतात, १५ ला अधिक २. फरक एकाचा. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे शेकडा ५. अकरा गाठायचे असतील तर नोमला ८ पडावे लागतात, ऑर्कला ९. एकाचे यश ६५ टक्के, दुसऱ्याचे ६०. संध्याकाळभरात जादूगार वीसदा फासा टाकील तर सरासरी एकदा हा फरक जाणवेल. एवढ्यासाठी ऑर्क जादूगार सोडून देणे म्हणजे पावसाच्या चार थेंबांसाठी बाजार चुकवणे.

किंमत खरी चढते ती वेगळ्या ठिकाणी. जादूगारालाच बुद्धी ८ दिली तर वजा १ मिळतो. नोमपेक्षा चार कमी, म्हणजे शेकडा २० चा तोटा, आणि तो फासा लागणाऱ्या प्रत्येक मंत्राला. ज्या चिलखताचा सराव नाही ते घातले तर मंत्रच म्हणता येत नाही. पात्राचे एक मुख्य काम असते. त्या कामाच्या आकड्याला हात लावू नये, बाकी सगळीकडे हवे ते करावे. २०२४ च्या नियमांत हा काटा वंशावरून धंद्यावर सरकला आहे. तिथे शेतकरी ही पार्श्वभूमी घेतली तर वाढ ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांतच मिळते, बुद्धीला नाही. म्हणजे ऑर्क जादूगाराची अडचण मिटली आणि शेतकऱ्याच्या पोराने जादूगार होणे महाग झाले. सूत्रधाराच्या पुस्तकात नवी पार्श्वभूमी रचायची सोय आहे, पण नवख्याला ते कोणी सांगत नाही.

यावरून पुस्तकाची मुख्य भूमिका ठरली आहे. पहिले पात्र नियमांच्या अंगाने साधे असावे आणि माणूस म्हणून वेगळे असावे. वर उल्लेखलेली नावाडीण घेता येईल. कागदावर ती पाचव्या आवृत्तीतली सरळ लढवय्यी, तीही चॅम्पियन या सर्वांत सोप्या शाखेची. तिचे वल्हे नियमांच्या भाषेत काठी आहे : एका हाताने मारली तर सहा बाजूंचा फासा, दोन हातांनी तर आठ बाजूंचा. एकही नियम वाकवलेला नाही. पण ती नदीवर चाळीस वर्षे माणसे आणि बातम्या या काठाहून त्या काठाला नेत आली आहे. कोण कुणाकडे कधी गेले ते तिला पाठ आहे. आणि पूल झाल्यामुळे तिचा धंदा बसला आहे. सूत्रधाराला या तीन गोष्टींतून तीन सेशनांचे कथानक मिळते. तिच्या शेजारी गूढ भूतकाळाचा, कोणाशी न बोलणारा, काळा झगा घातलेला मारेकरी ठेवून पाहावा. तो दिसायला अधिक वेगळा आहे, पण टेबलाला त्याच्याकडून काही मिळत नाही.

अशी न देणारी पात्रे ओळखीची आहेत. मुका, एकलकोंडा, मित्रांच्याच पिशव्या कापणारा, एकच विनोद सगळीकडे करणारा. त्यांचा बचावही ठरलेला असतो : माझे पात्र असेच वागेल. पात्राचा स्वभाव खेळाडूनेच ठरवलेला असतो, हे तो विसरतो. वेगळेपण हे इतरांना काहीतरी करायला लावणारे हवे, इतरांना थांबवणारे नको. म्हणूनच बरीच मंडळी आता खेळ सुरू होण्यापूर्वी एक बैठक नुसत्या गप्पांसाठी ठेवतात. तिला शून्यावे सेशन म्हणतात. कोणते विषय नकोत, पात्रे एकमेकांना कशी ओळखतात, सूत्रधाराच्या जगात बदके आहेत का, हे तिथेच मिटते. गॉब्लिनला गावात पाहताच मारतात अशा जगात गॉब्लिन घेणे हे धाडस नव्हे, ती सूत्रधाराशी न बोलल्याची शिक्षा आहे.

हे सगळे आत्ताच सांगण्याला कारणे आहेत. २०१५ पासून क्रिटिकल रोलसारख्या कार्यक्रमांतून आणि २०१६ पासून स्ट्रेंजर थिंग्ज या मालिकेतून हा खेळ पाहिलेले, पण कधी न खेळलेले प्रेक्षक फार वाढले. ते व्यावसायिक नटांची पात्रे पाहून येतात आणि आपले पहिले पात्रही तितके कोरीव असावे अशी अपेक्षा धरतात. दहा पानांची पूर्वकथा लिहून आणतात आणि पहिल्या चकमकीत फासा कोणता टाकायचा ते विचारतात. त्यांना ना जुना तलवारवाला सल्ला उपयोगी, ना पडद्यावरचा नमुना.

दुसरे कारण कायद्याचे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या मालकांनी जानेवारी २०२३ मध्ये, खुल्या परवान्यावर झालेल्या मोठ्या वादानंतर, पाचव्या आवृत्तीचा नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय दिले की तो कोणालाही वापरता, बदलता, अनुवादित करता येतो. त्यात बारा क्लास आणि नऊ वंश आहेत, पण पार्श्वभूमी एकच : देवळातला सेवेकरी. बाकीच्या पार्श्वभूमी ज्याने त्याने रचायच्या. मराठीत खेळू पाहणाऱ्यांसाठी ही रिकामी जागा म्हणजे अडचण नाही, आमंत्रण आहे. टॅव्हर्न आणि बॅरन यांच्याच जगात राहावे असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

प्रस्तुत पुस्तक एका खेळाचे नियमपुस्तक नाही आणि तयार पात्रांचा संग्रहही नाही. उदाहरणे मुख्यतः पाचव्या आवृत्तीतली आहेत, कारण नवखा खेळाडू बहुतेकदा तिच्याच टेबलावर पहिल्यांदा बसतो. पण प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या घराण्यात तेच पात्र कसे उभे राहील याचा विचार केला आहे. भर कागदावरच्या आकड्यांपेक्षा त्या आकड्यांमागच्या निवडींवर आहे : काय जसेच्या तसे ठेवावे, काय एकच बदलावे, सूत्रधाराला काय आधी विचारावे. वेगळ्या पात्राच्या नादात फसलेली पात्रेही घेतली आहेत, आणि ती फसली का याची चिकित्सा यशस्वी पात्रांपेक्षा जास्त पानांत आहे. सर्वांत ताकदवान पात्र कसे बांधावे हे ज्याला हवे आहे त्याची इथे निराशा होईल.

वाचकाने हे पुस्तक हाती घेताना सोबत कोरी कॅरेक्टर शीट, सात फाशांचा एक संच आणि पेन्सिल ठेवावी. पेन नको. पहिल्या तीन सेशनांत त्या कागदावरचे बरेच काही खोडावे लागते, नावसुद्धा.